प्रथमोपचार : फडापर्यंत न पोचलेली विद्या

साथीच्या रोगांची दखल सरकार घेते, वृत्तपत्रे घेतात आणि लोकही घेतात. लहान जखमेची दखल मात्र कोणीच घेत नाही. बोट कापले, गुडघा खरचटला, तळव्यात काटा मोडला, या गोष्टी ग्रामीण जीवनात इतक्या नित्याच्या आहेत की त्यांना दुखणे म्हणण्याचाही संकोच वाटावा. 'चिंधी बांध आणि कामाला लाग' हा त्यांवरचा परंपरागत उपचार. बहुतेक जखमा या उपचारानंतरही बऱ्या होतात. आणि म्हणूनच ज्या थोड्या बऱ्या होत नाहीत त्यांचे खापर नशिबावर फोडले जाते. वस्तुतः जखम चिघळणे, बोट गमावणे, पाय सडणे किंवा धनुर्वाताने माणूस दगावणे यांत नशिबाचा भाग फार थोडा असतो. जखम झाल्यानंतरच्या पहिल्या पाव तासात काय केले आणि काय टाळले, यावर पुष्कळ काही ठरून जाते. ते कसे करावे हे सांगणारी विद्या शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे, स्वस्त आहे आणि शाळकरी मुलालाही शिकवता येण्याइतकी सोपी आहे. असे असताना, ज्या हातांना तिची सर्वांत अधिक गरज आहे त्या हातांपर्यंत ती अजून का पोचलेली नाही, हा खरा प्रश्न आहे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा आणि त्याच्या भोवतालची गावे हा प्रश्न समजून घेण्यास फार उपयोगी आहेत. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बैलगाडीने, ट्रॅक्टरने किंवा मालमोटारीने पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जाताना बाजरी-ज्वारीचे पीठ बरोबर असते, भांडीकुंडी असतात, कोपीसाठी ताडपत्री असते आणि कोयता तर असतोच. नसते ती साबणाची वडी, स्वच्छ गॉज आणि पट्टी यांची एक लहानशी पुरचुंडी. ज्या हत्याराने पोट भरायचे ते हत्यारच रोज कोणाला ना कोणाला जखमी करते, हे ठाऊक असूनही जखमेची तयारी कोणाच्याच सामानात नसते.

फडातली जखम

ऊसतोडीत जखम कशी होते हे पाहिले म्हणजे तिचे स्वरूप ध्यानात येते. डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने कोयत्याचा घाव बुंध्याशी घालायचा, ही तोडीची रीत. घाव निसटला की तो डाव्या हाताच्या बोटांवर किंवा नडगीवर येतो. तोड पुष्कळदा पहाटेच्या अंधारात सुरू होते, आणि थंडीने हात बधिर झालेले असतात. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. तिने हात, मान आणि चेहरा ओरबाडला जातो. तोडलेल्या उसाचे जमिनीत उरलेले खुंट तिरपे आणि टोकदार असतात. पाचटाखाली ते दिसत नाहीत आणि पातळ चपलेतून थेट तळव्यात शिरतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून मालमोटारीवर चढताना पाय घसरला की गुडघे आणि कोपरे सोलवटून निघतात. म्हणजे कापणे, खरचटणे आणि टोचणे हे जखमेचे तिन्ही प्रकार एकाच फडात, आणि अनेकदा एकाच दिवसात, अनुभवास येतात.

जखमेइतकीच महत्त्वाची आहे ती जखमेभोवतीची अर्थव्यवस्था. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. जोडीतील एक बसला की काम अडते. खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात धरले जातात. त्यामुळे जखम झालेला माणूस ती दाखवण्याऐवजी लपवतो. हाताला फडके गुंडाळून तो पुन्हा तोडीला लागतो. ते फडके घामाने, उसाच्या रसाने आणि मातीने भिजते. संध्याकाळी कोपीवर ते सोडले जाते ते बैलांच्या दावणीशेजारी, शेणामातीत. दवाखाना दूर असतो, भाषा कधी परकी असते, आणि रात्री वाहन मिळत नाही. अशा स्थितीत 'दवाखान्यात जा' हा उपदेश बरोबर असला तरी अपुरा आहे. दवाखान्यात जाण्यापूर्वीचे जे काम आहे ते फडातच, जखमी माणसाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने करायचे असते. त्यालाच प्रथमोपचार म्हणतात.

पाणी, साबण आणि दाब

जखम म्हणजे शरीराच्या तटाला पडलेले खिंडार. त्वचा शाबूत असते तोवर तिच्यावरील असंख्य जंतू निरुपद्रवी राहतात; ती भंगली की ते आत शिरतात. ही गोष्ट आज शाळेतील मुलालाही ठाऊक असली तरी दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या शल्यवैद्यांना ती मान्य नव्हती. १८६५ साली ग्लासगोच्या रुग्णालयात एका गाडीचे चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आला. हाड मोडून कातडीबाहेर जखम झालेली होती. अशा रुग्णाचा पाय कापणे हाच तेव्हाचा सर्वसाधारण उपाय होता. जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याने जखम कार्बोलिक आम्लाने स्वच्छ केली, त्याच आम्लात भिजवलेली पट्टी तिच्यावर ठेवली आणि काही आठवड्यांत तो मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. १८६७ मध्ये लिस्टरने आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि शस्त्रवैद्यकाचे युग पालटले. कार्बोलिक आम्ल पुढे मागे पडले. राहिले ते त्यामागचे तत्त्व. जखमेतील घाण बाहेर काढा, बाहेरची घाण आत जाऊ देऊ नका. सारा प्रथमोपचार या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

तो करणाऱ्याने आधी स्वतःचे हात साबणाने धुतले पाहिजेत. हातमोजे असल्यास उत्तम. नसल्यास स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ धुतलेल्या कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाब द्यावा, आणि किमान दहा मिनिटे तो सोडू नये. येथेच बहुतेकांची चूक होते. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलले जाते आणि नुकतीच धरू लागलेली गुठळी त्याबरोबर निघून येते. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरी घडी ठेवून दाब वाढवावा. जखमी हात किंवा पाय शक्य असल्यास उंच धरावा. दोरीने किंवा रुमालाने अवयव करकचून आवळण्याची सवय मात्र घातक आहे. त्याने निरोगी भागाचाही रक्तपुरवठा तुटतो. हातापायातून रक्ताच्या चिळकांड्या उडत आहेत आणि सर्व बळाने दाब देऊनही ते थांबत नाही, अशा जिवावरच्या प्रसंगीच रुंद पट्टा बांधावा, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. टोळीतील प्रत्येकाला तो क्रमांक तोंडपाठ असला पाहिजे.

रक्त थांबले की धुणे. साधी कापलेली किंवा खरचटलेली जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच-दहा मिनिटे धरावी. त्यासाठी औषधी द्रावण लागते हा गैरसमज आहे. जे पाणी पिण्यास योग्य ते जखम धुण्यासही योग्य, हा सोपा नियम ध्यानात ठेवावा. पाटाचे किंवा डबक्याचे पाणी त्यात बसत नाही. नळ नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला छिद्र पाडून ती दाबली म्हणजे चांगली धार मिळते. जखमेच्या भोवतालची त्वचा साबणाने धुवावी. खरचटलेल्या जागी खडे-माती रुतलेली असते. ती ओल्या मऊ कापडाने हळुवार पुसून काढावी, कारण राहिलेला कण पू तरी आणतो किंवा कातडीखाली कायमचा काळा डाग ठेवतो. स्पिरिट, तीव्र टिंक्चर, हायड्रोजन पेरॉक्साइड ही द्रव्ये थेट जखमेत ओतल्याने जंतूंबरोबर भरून येणाऱ्या कोवळ्या पेशीही मरतात. फार झोंबले म्हणजे औषध फार चांगले, ही समजूत त्यामुळे सोडून दिलेली बरी.

धुतलेली जखम झाकावी. 'उघडी ठेवा, वारा लागला की सुकते' हा सल्ला घरोघरी मिळतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर केलेल्या प्रयोगात दाखवून दिले की झाकून ओलसर राखलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा लवकर येते. वर निर्जंतुक गॉज आणि त्यावर पट्टी, एवढे पुरे. कापूस थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू चिकटतात. गेवराईच्या परिसरात घराघरांत शेतातला कापूस असतो, म्हणून हे आवर्जून सांगावे लागते. शेतातील कापूस आणि औषधाच्या दुकानातील निर्जंतुक कापूस दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत. पट्टी रोज बदलावी, आणि ती ओली किंवा मळकी झाली तर दिवसातून दोनदाही बदलावी. फडात काम करणाऱ्याने पट्टीवर स्वच्छ प्लॅस्टिकचे वेष्टण घातले तर रस आणि माती दूर राहते. काम संपताच ते काढून टाकावे.

काही जखमा मात्र हातात धरून बसू नयेत. जखमेच्या कडा एकमेकींपासून फाकलेल्या असतील, आतली चरबी किंवा हाड दिसत असेल, बोट वाकवता येत नसेल किंवा त्याला स्पर्श कळत नसेल, जखम चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, तर ती धुऊन, झाकून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. टाके घालायचे असल्यास जितके लवकर तितके चांगले. कोयत्याच्या घावाने बोटाचा तुकडा सुटलाच, तर तो फेकू नये आणि थेट बर्फातही टाकू नये. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि रुग्णाबरोबरच रुग्णालयात न्यावी.

लहान छिद्र, खोल धोका

कापलेली जखम रक्ताने भेडसावते; टोचलेली जखम मात्र फसवी असते. बाभळीचा काटा, खिळा, उसाचा खुंट किंवा तारेचे टोक आत शिरते, रक्ताचा एखादा थेंब येतो आणि छिद्र मिटते. पण टोकाबरोबर आत गेलेली माती तेथेच राहते, आणि त्या खोल, हवाबंद जागेत धनुर्वाताच्या जंतूला हवे तसे घर मिळते.

हा रोग प्राचीनांना अपरिचित नव्हता. शरीर धनुष्यासारखे वाकवणाऱ्या विकाराचे वर्णन सुश्रुतसंहितेत धनुःस्तंभ या नावाने आलेले आहे. त्याचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकात उमगले. १८८४ मध्ये आर्थर निकोलायर याने बागेतील माती टोचून प्राण्यांत हा रोग उत्पन्न केला. १८८९ मध्ये बर्लिन येथे कॉख यांच्या प्रयोगशाळेत किताझातो या जपानी शास्त्रज्ञाने जंतू वेगळा काढला. आणि १८९० मध्ये बेरिंग व किताझातो यांनी त्याच्या विषावर उतारा असल्याचे सिद्ध केले. या जंतूची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममधील शेणखत घातलेल्या शेतांत लढणाऱ्या जखमी सैनिकांना धनुर्वाताने घेरले, आणि प्रतिविषाची टोचणी सरसकट सुरू होताच ते प्रमाण झपाट्याने उतरले. शेणखताचे शेत, दावणीची बैले आणि अनवाणी पाय हे जेथे एकत्र येतात तेथे या इतिहासाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

धनुर्वात गंजामुळे होतो ही सार्वत्रिक समजूत आहे. गंजाचा त्याच्याशी संबंध नाही. गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो, एवढाच त्याचा दोष. नवाकोरा चकचकीत खिळाही मातीतून आला असेल तर तितकाच घातक ठरतो. जखम झाल्यापासून साधारणतः तीन ते एकवीस दिवसांत रोगाची लक्षणे दिसू लागतात. जबडा आखडतो, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, मान आणि पाठ ताठरते. तोवर पायातले छिद्र पुष्कळदा बरे होऊन विसरलेही गेलेले असते. ही लक्षणे दिसताच मोठे रुग्णालय गाठणे हाच मार्ग. तेथेही उपचार दीर्घ आणि कठीण असतात. प्रतिबंध मात्र सोपा आहे.

लसीची गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. आज बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी धनुर्वाताची लस अन्य लसींबरोबर मिळते. दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचे असताना वर्धक मात्रा दिली जाते, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस. गरोदर स्त्रियांनाही ती दिली जाते. या प्रयत्नांचे फळ म्हणजे २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. परंतु या चित्रात एक फट राहते. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जन्मलेल्या, गरोदरपणाच्या टोचणीचा प्रश्नच नसलेल्या आणि शाळा लवकर सोडलेल्या पुरुषांची लस कधी पूर्ण झाली होती, हे सांगणारा कागद बहुधा कोठेच नसतो. फडात कोयता चालवणाऱ्यांत असे पुरुष पुष्कळ असतात.

लस पूर्ण झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी दहा वर्षांनंतर आणि मातीने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षांनंतर वर्धक मात्रा लागते. ज्याची लस अपुरी किंवा अनिश्चित आहे त्याला खोल, घाणेरड्या जखमेनंतर लसीबरोबरच तयार प्रतिद्रव्याची टोचणीही द्यावी लागते आणि लसीच्या उरलेल्या मात्रा नंतर पूर्ण करून घ्याव्या लागतात. प्रत्येक ओरखड्यानंतर धावत जाऊन सुई घेणे जसे अनावश्यक, तसेच सुई घेतली म्हणून जखम न धुणे हेही चुकीचे. लस धनुर्वातापासून वाचवते. जखमेत पू करणाऱ्या अन्य जंतूंवर तिचा काहीच परिणाम होत नाही. पाण्याचे काम सुई करू शकत नाही.

टोचलेल्या जखमेचा प्रथमोपचारही थोडा वेगळा आहे. वर दिसणारा लहान काटा साबणाने धुतलेल्या आणि उकळून घेतलेल्या चिमट्याने, ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने ओढून काढावा. 'काट्याने काटा काढावा' ही म्हण व्यवहारात शहाणपणाची असेल. पायाच्या बाबतीत ती अक्षरशः पाळली तर एका मातकट टोकाच्या जागी दोन होतात. काटा आत मोडून राहिला तर कोरीत बसू नये. त्याने पू होतो किंवा पुढे कुरूप धरते, म्हणून तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. मोठी वस्तू, म्हणजे खुंट, सळई किंवा काचेचा तुकडा, खोल रुतलेली असेल तर ती जागेवरून मुळीच ओढू नये. ओढल्याने तिने अडवून धरलेले रक्त सुटते. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही अशी बांधावी आणि रुग्णास न्यावे. खोल छिद्र चिकटपट्टीने हवाबंद करू नये; धुऊन वर सैल गॉज ठेवावे. मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. त्यांनी रोज रात्री तळवे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

दोन टोचण्या वेगळ्या मोजाव्या लागतात. कुत्रे चावले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी; या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की वाचणे जवळजवळ अशक्य. सर्पदंशात मात्र जखम चिरणे, रक्त चोखणे आणि दोरी आवळणे ही तिन्ही कामे वर्ज्य आहेत. माणसाला निश्चल ठेवून, धीर देऊन, सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

हळद, राख आणि बिब्बा

खेड्यातला माणूस जखमेवर काहीच करीत नाही असे नाही. तो पुष्कळ काही करतो. हळद दाबतो, दगडी पाल्याचा रस पिळतो, चिंधी जाळून तिची राख भरतो, तंबाखू किंवा चुना लावतो, काट्याच्या छिद्रात तापवलेल्या बिब्ब्याचे तेल सोडतो. या सगळ्याला अज्ञान म्हणून हिणवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. जखमेवर उपचार केलाच पाहिजे ही जाणीव त्यामागे आहे, आणि तिच्या मुळाशी पिढ्यांचा अनुभवही आहे. सुश्रुताने व्रणाच्या उपचाराचे साठ उपक्रम सांगितले, ही परंपरा लहान नव्हे.

हळदीची हकिकत या संदर्भात उद्बोधक आहे. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, या पेटंटला आव्हान दिले. हे ज्ञान भारतात पूर्वापार आहे हे जुन्या ग्रंथांच्या आधारे दाखवून दिल्यावर १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. मराठी माणसाला या विजयाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या खटल्याने जे सिद्ध झाले ते एवढेच की हळदीचा उपयोग नवा नव्हता. स्वयंपाकघरातल्या डब्यातील, ओल्या चमच्याने ढवळलेली, कदाचित भेसळीची पूड उघड्या जखमेस योग्य आहे, असे त्यातून मुळीच निघत नाही. हळदीत गुण असू शकतो आणि तिच्या डब्यात जंतूही असू शकतात. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

माती, शेण आणि राख यांविषयी मात्र दुमत असण्याचे कारण नाही. धनुर्वाताची बीजे जेथे राहतात तीच वस्तू जखमेत भरणे म्हणजे रोगाला आमंत्रण. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि फोड येतात. चुना आणि तंबाखू जखम आणखी जाळतात. या सवयी मोडायच्या तर उपहासाने मोडणार नाहीत. त्यांच्या जागी तितकीच सहज हाताशी येणारी दुसरी वस्तू ठेवावी लागेल. ती वस्तू म्हणजे साबण आणि बाटलीभर पिण्याचे पाणी.

जबाबदारी कोणाची?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने, आपल्या ४५ व्या कलमात, दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती हाताळणारा प्रशिक्षित माणूस ठेवणे कारखान्यांना बंधनकारक केले. साखर कारखान्याच्या आवारातील कामगाराला तेव्हापासून ही सोय कायद्याने मिळाली. परंतु ज्या उसावर तो कारखाना चालतो, तो तोडणारा माणूस त्या आवाराबाहेर राहिला. तो मुकादमाचा, मुकादम वाहतूक कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदार कारखान्याचा, अशी ही साखळी. गव्हाणीपाशी बोट कापले तर पेटी, आणि फडात कापले तर चिंधी, हा भेद न्यायाच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारा नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्यात महामंडळ स्थापन झालेले आहे. प्रत्येक टोळीला एक पेटी, आणि टोळीतील एका स्त्रीला व एका पुरुषाला दोन दिवसांचे शिक्षण, एवढ्या छोट्या कामापासून कारखान्यांनी आणि महामंडळाने प्रारंभ करण्यास कोणती अडचण आहे? पेटीत साबण, निर्जंतुक गॉज, पट्ट्यांच्या गुंडाळ्या, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, चिमटा, कात्री, हातमोजे आणि त्रिकोणी कापड एवढे असले तरी पुरे.

अल्पशिक्षित माणसांना हे जमेल का, अशी शंका काहीजण घेतात. तिचे उत्तर बीड जिल्ह्याच्या शेजारीच मिळते. जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील स्त्रियांना, ज्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. या कार्यासाठी १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्त्या याच विचाराच्या वारस म्हणता येतील. जखम धुणे, झाकणे आणि कोणती जखम पुढे पाठवायची हे ओळखणे, यासाठी पदवी लागत नाही. लागते ते कोणी तरी नीट शिकवणे.

शिकवण्याची जागाही तयार आहे. चकलांब्यासारख्या गावातील शाळेत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील हंगामात फडावर असतात, आणि काही मुले स्वतःही त्यांच्याबरोबर जातात. शाळा सुटण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधीच्या एका आठवड्यात, रोज अर्धा तास याप्रमाणे गुरुजींनी हात धुणे, दाब देणे, पट्टी बांधणे आणि लसीचे कार्ड वाचणे एवढे करवून घेतले, तर ती विद्या मुलांबरोबर घरी जाईल. हा पाठ पाठांतराचा नाही, हाताचा आहे. एका मुलाने दुसऱ्याच्या हातावर पट्टी बांधली म्हणजे तो पूर्ण होतो. त्याच आठवड्यात आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेने निघणाऱ्या टोळ्यांची लस तपासून ज्यांची राहिली असेल त्यांना ती द्यावी. ग्रामपंचायतीच्या किंवा तहसिलीच्या कारकुनाने टोळ्यांची यादी तिच्या हाती दिली तर हे काम एका दिवसाचे आहे.

या साऱ्यात खर्च अल्प आहे, यंत्रणा हाताशी आहे आणि ज्ञानाविषयी वाद नाही. उणीव आहे ती लहान जखमेला लहान न समजण्याच्या दृष्टीची. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी हाताची जखम हीच सर्वांत मोठी आपत्ती असते. एखादे बोट गेले की कोयता पूर्वीसारखा धरता येत नाही, कोयता सुटला की उचल फिटत नाही, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामात दुप्पट ओझ्याने मानेवर बसते. ही साखळी जेथे सर्वांत स्वस्तात तोडता येते, ती जागा जखमेपाशी, पहिल्या पाव तासात आहे.